वर्ग 'शीऽऽन' होतो तेव्हा: जपानी हायस्कूलमधला इंग्रजी संभाषणाचा तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात जपानी शिकून एन-३ (जपानीच्या पाच पातळ्यांतली मधली परीक्षा) झालेली एक शिक्षिका ऑगस्टपासून पश्चिम जपानमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये असिस्टंट लँग्वेज टीचर (एएलटी), म्हणजे जपानी शिक्षकांसोबत इंग्रजी शिकवणारी मदतनीस शिक्षिका, म्हणून रुजू होणार आहे. वर्गात ४० मुलं, तास ५० मिनिटांचा. आधी जाऊन आलेल्यांनी तिला सांगितलंय की मुलं तोंडच उघडत नाहीत. तर मुलं रमतील आणि बोलतीलही असे तास आखायचे कसे, आणि चांगल्या खेळांची यादी मिळेल का, असं तिनं विचारलंय.

यादी देत नाही, आधीच सांगतो. मी जपानमध्ये १२ वर्षं आहे, त्यातली ९ हायस्कूलमध्ये गेली. पहिल्या वर्षी माझ्याकडे खेळांची अख्खी वही होती. बिंगो होतं, हँगमन होतं, जोड्या लावा होतं. मुलं हसायची, जिंकायची, आणि तासभरात जेमतेम चार शब्द इंग्रजी बोलायची. ती वही आता कुठे आहे मलाही ठाऊक नाही.

जपानी भाषेत शांततेलाही आवाज आहे: 'शीऽऽन'. मंगा कॉमिक्समध्ये सगळे अचानक गप्प झाले की चौकटीत ही अक्षरं भली मोठी काढतात. तुम्ही फळ्यापुढे उभ्या राहून "व्हॉट डू यू थिंक?" विचारलंत की हाच आवाज ऐकू येईल. मी तो सहन न होऊन बोलत सुटायचो. प्रश्न सोपा करायचो, मग आणखी सोपा, आणि शेवटी उत्तरही मीच देऊन टाकायचो. एकदा दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाला उठवलं. तो उभा राहिला, मान खाली घातली, मग शेजाऱ्याकडे वळून कुजबुजायला लागला. शेजाऱ्यानं मागच्याला विचारलं. मला वाटलं, हे उत्तर ढापतायत. "नो हेल्प!" असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. पोरगा तसाच उभा. अर्ध्या मिनिटानं मीच त्याला बसायला सांगितलं. त्यानंतर तो माझ्या तासाला वर्षभर खिडकीबाहेर बघत होता.

ती कुजबुज म्हणजे उत्तर तपासून घेणं होतं, हे मला पुढे सोबतच्या जपानी शिक्षिकेनं सांगितलं. चाळीस जणांसमोर वाक्य मांडायचं तर ते आधी एका माणसासमोर मांडून बघायचं. त्याचा तेवढा एकच रस्ता होता आणि तोच मी बंद केला होता.

दुसरी चूक याहून वाईट. वर्गात एक मुलगी होती, लहानपणी चार-पाच वर्षं परदेशात राहून आलेली. तिचा उच्चार ऐकून मी भर वर्गात वाहवा केली, सगळ्यांना म्हटलं, असं बोला. पुढच्या आठवड्यापासून ती 'आय थिंक'ला 'आइ शिंकु' म्हणायला लागली, अगदी वर्गातल्या इतरांसारखं. परदेशातून परतलेल्या मुलांनी आपला उच्चार असा झाकून ठेवणं इथं नवलाचं नाही. कौतुक करायचंच असेल तर वहीत एका ओळीत करा, नाहीतर तास संपल्यावर व्हरांड्यात.

हे दोन्ही प्रसंग सांगायचं कारण असं, की तुमच्या आराखड्यात पहिली गोष्ट हीच ठरवायची आहे: मूल कुणासमोर बोलणार? माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी एकट्यानं, कागदावर. मग एका जोडीदाराशी. मग चौघांत. पूर्ण वर्गासमोर बोलणं शेवटी, तेही कधीकधीच. तुम्ही कुठलाही धडा घ्या, कुठलाही विषय घ्या, हा क्रम उलटा झाला की 'शीऽऽन' ठरलेलं.

आता तुमचा तास वेळापत्रकात कुठे बसतो ते. एप्रिल २०२२ पासून हायस्कूलला नवा अभ्यासक्रम आहे. त्यात 'इंग्लिश कम्युनिकेशन' आणि 'लॉजिक अँड एक्स्प्रेशन' असे दोन विषय, तीन वर्षांसाठी प्रत्येकी तीन भाग. सक्तीचा फक्त 'इंग्लिश कम्युनिकेशन १'. दुसऱ्या विषयात भाषण, चर्चा, वादविवाद, परिच्छेदलेखन असं सगळं येतं, आणि एएलटीला बहुतेक वेळा तिथेच धाडतात. कागदावर हे छान दिसतं. पण विद्यापीठ प्रवेशासाठी जानेवारीत जी सामायिक परीक्षा होते, तिच्यात इंग्रजी वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण आहेत, बोलण्याला शून्य. बाहेरच्या खासगी परीक्षा जोडून बोलणंही मोजायची योजना होती, ती २०१९ च्या नोव्हेंबरात पुढे ढकलली आणि २०२१ मध्ये गुंडाळली. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलानं ऑक्टोबरात तुमच्या तासाला कंटाळून प्रश्नसंच उघडला तर त्याच्यावर रागावू नका. त्या वर्गांना मी ऐकून सारांश सांगायचं काम देतो. दोन मिनिटं मी बोलतो, ते टिपणं काढतात, मग जोडीदाराला आपल्या शब्दांत सांगतात. परीक्षेचंही होतं, आपलंही.

ही रड नवी नाही, बरं का. हॅरॉल्ड पामर नावाचे इंग्रज भाषातज्ज्ञ १९२२ साली शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून टोकियोला आले आणि १९३६ पर्यंत 'आधी कानानं आणि तोंडानं शिकवा' हेच सांगत राहिले. शंभर वर्षं झाली, वाक्य खुणा करून उलटं-सुलटं जपानीत लावण्याची पद्धत अजून जिवंत आहे. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा.

पहिला तास स्वतःच्या ओळखीचा असतो. इथं सगळेच नवे भारतीय एएलटी ताजमहाल, हत्ती, बॉलिवूड अशा चाळीस स्लाइड दाखवतात आणि मुलं टाळ्या वाजवून झोपी जातात. तुम्ही सहा वाक्यं फळ्यावर लिहा आणि जोड्यांना विचारा, खरं की खोटं? माझं हमखास वाक्य: "आमच्या घरी रोज नान करतात." अख्खा वर्ग 'खरं' म्हणतो, कारण जपानमधल्या भारतीय हॉटेलांत नानशिवाय पान हलत नाही. खोटं, असं मी सांगतो. आमच्याकडे तंदूर नाही, आईनं उभ्या जन्मात नान केलेला नाही, आम्ही पोळी खातो. तेव्हा जो 'एऽऽऽ?' असा सूर निघतो तो तुमच्या पहिल्या तासाची कमाई. दुसरं वाक्य पाढ्यांचं ठेवा. भारतीय लोकांना १९ गुणिले १९ पर्यंत तोंडपाठ असतं, असा इथं पक्का समज आहे. आपल्याकडे तीसपर्यंत पाढे म्हणवून घ्यायचे हे सांगितलं की गणितात रस असलेली दोन पोरं कागद घेऊन तुमची परीक्षा घ्यायला येतात. तेव्हा प्रश्न तेच विचारतात, तेही इंग्रजीत. उजळणी करून जा मात्र. माझी सतरा साते एकदा चुकली होती.

आता मुख्य गोष्ट. तयारीला जो वेळ असेल त्यातला निम्मा प्रश्न शोधण्यात घालवा. "डू यू लाइक सुशी?" याचं उत्तर वर्गात सगळ्यांना माहीत असतं, ते कुणी कशाला ऐकेल? आणि "शिक्षणाचं भविष्य काय?" याला मराठीतसुद्धा मला उत्तर सुचत नाही. प्रश्न असा हवा की शेजारचा काय म्हणेल हे खरोखर माहीत नाही आणि जाणून घ्यावंसं वाटतंय. माझा जून महिन्यातला एक तास इथं पूर्ण उलगडून सांगतो.

जूनमध्ये 'त्सुयू', म्हणजे इथला पावसाळा. शाळेच्या दारात छत्र्यांचा स्टँड असतो आणि त्यात डझनावारी छत्र्या एकाच तोंडवळ्याच्या: पारदर्शक प्लॅस्टिक, पांढरा दांडा, कोन्बिनीतून, म्हणजे कन्व्हिनियन्स स्टोअरमधून, घेतलेल्या. कुणाची कुठली, देव जाणे. जपानमध्ये हरवलेलं पाकीट परत मिळतं, पण ही छत्री मिळेलच असं नाही. ती कुणीतरी सहज उचलून नेतो आणि त्याला चोरी म्हणायचं की नाही, याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं. मला असंच काहीतरी हवं असतं.

घंटा होते, वर्गनायक "किरित्सु, रेइ" म्हणतो, सगळे उठून वाकतात, यात तीन मिनिटं जातात. मी फळ्यावर स्टँड काढतो आणि गोष्ट सांगतो: काल संध्याकाळी कोन्बिनीतून बाहेर आलो, माझी छत्री गायब. धो-धो पाऊस. स्टँडमध्ये तश्शीच दुसरी एक आहे. फळ्यावर चार पर्याय लिहितो. ती घ्यायची, भिजत जायचं, दुकानात सांगायचं, नवी विकत घ्यायची. मग तीन मिनिटं पूर्ण शांतता, ठरवून. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपला पर्याय आणि एक कारण लिहायचं. शब्दकोश चालेल, अडलं तर जपानीतही लिहा. ही तीन मिनिटं नवे शिक्षक कापून टाकतात, कारण वर्गात काही 'चाललेलं' दिसत नाही. कापू नका.

मग बाकं जोडून जोडीदाराशी दोन मिनिटं. टायमर सगळ्यांना दिसेल असा लावायचा. कोण आधी बोलणार हे 'जान्केन'वर, म्हणजे कागद-कात्री-दगडावर. त्यात हायस्कूलची मोठी मुलंही मनापासून रमतात. दोन मिनिटं झाली की एका रांगेनं एक बाक पुढे सरकायचं, नवा जोडीदार, तेच बोलणं, पण आता दीड मिनिटात. पुन्हा सरकायचं, एक मिनिट. तिसऱ्या खेपेला तेच मूल चिठ्ठीकडे न बघता बोलतं. चार-तीन-दोन मिनिटांची ही जुनी युक्ती भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनामुळे इंग्रजी शिक्षकांत सर्वत्र माहीत झाली. मी फक्त मिनिटं कमी केली, कारण या मुलांजवळ चार मिनिटांचं इंग्रजी सुरुवातीला नसतं. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये दहा सेकंदांत फळ्यावर दोन वाक्यं लिहितो, फिरताना कानावर पडलेली, मुलांना अडलेली. व्याकरण शिकवायला यासारखी वेळ नाही, कारण ते वाक्य त्यांना आत्ता, पुढच्या मिनिटाला हवं असतं.

यानंतर चौघांचे गट, आणि मी गोष्टीत मेख मारतो. ती शेवटची छत्री असेल तर? दांड्यावर रंगीत टेप चिकटवलेली असेल तर? दहा मिनिटांत परीक्षा असेल तर? गटानं एकमतानं ठरवायचं, यातला सगळ्यांत माफ करण्याजोगा प्रसंग कुठला. एकमत म्हटलं की बोलावंच लागतं. सांगायला उठवायचं ते एखाद-दोन गटांनाच, आणि स्वतःचं मत विचारायचं नाही. "तुमच्या गटातल्या दुसऱ्या कुणाचं मत सांगा" म्हणायचं. दुसऱ्याचं मत सांगताना लाज अर्धी होते. शेवटची सहा मिनिटं लिहायला: चार वाक्यं, कागद माझ्याकडे. मी प्रत्येकावर एक ओळ लिहून परत करतो, चूक दाखवणारी नव्हे, उत्तर देणारी. ४० कागदांना तासभर लागतो. पुढच्या आठवड्यात वर्गात शिरताच ते आधी तीच ओळ वाचतात.

एकदा या तासाला मी पुण्यातल्या देवळाबाहेरच्या चपलांची गोष्ट सांगितली. दर्शन घेऊन बाहेर आलो, माझ्या कोल्हापुरी गेलेल्या, तशाच दुसऱ्या जोड्या समोर पडलेल्या. मागच्या बाकावर बेसबॉल क्लबचा एक मुलगा, डोकं भादरलेलं, सकाळच्या सरावानं दमून रोज झोपणारा. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "देन... यू टेक?" तीन शब्द. त्या वर्षात कुणी न सांगता विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हटलं, नाही, मे महिन्यात अनवाणी डांबरी रस्त्यावरून घरी गेलो. मग चटके कसे बसतात, हे सांगायला मला नाचून दाखवावं लागलं.

प्रश्नांचे असे साठे शाळेतच सापडतात. मेमध्ये क्लबचा सराव आणि झोप, सप्टेंबरच्या सुमारास सांस्कृतिक महोत्सवात वर्गानं काय विकायचं, दुसऱ्या वर्षाच्या सहलीत मोकळ्या वेळेत कुठे जायचं. गणवेश आणि केसांच्या नियमांवरही मुलं तावातावानं बोलतात. टोकियो महानगराच्या सरकारी शाळांनी एप्रिल २०२२ पासून केस काळेच हवेत यांसारखे काही नियम काढून टाकले, त्यामुळे विषय ताजा आहे. पण तुमच्या शाळेत कुठला नियम नाजूक आहे, हे आधी सोबतच्या शिक्षकांना विचारा. मी विचारलं नव्हतं आणि स्टाफरूममध्ये दोन दिवस वातावरण जरा थंड होतं.

वादविवाद लगेच घेऊ नका. 'बाजूनं' आणि 'विरुद्ध' असे दोन गट केले की मैत्रीण माझ्यावर चिडलीय का, अशी शंका इथल्या मुलांच्या मनात खरोखर येते. दोन-तीन महिने जोडीतच 'सहमत आहे, पण...' एवढं घोटून घ्या. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे ते मत माझं नाही, चिठ्ठीचं आहे असं सगळ्यांना कळतं.

एक गोष्ट मात्र या मुलांना आयती येते, तिचा फायदा घ्या. जपानी माणूस ऐकताना सतत 'हं, हो का, खरंच?' असं करत असतो. त्याला 'आइझुची' म्हणतात. इंग्रजी सुरू झालं की हीच मुलं पुतळ्यासारखी ऐकतात, कारण ही हुंकाराची भाषा त्यांना इंग्रजीत कुणी दिलेलीच नसते. "रिअली?", "आय सी", "ओह नो", "देन व्हॉट?" अशा सहा गोष्टींची पट्टी बाकावर चिकटवा. पहिल्या महिन्यात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त काम द्या: किमान तीन हुंकार, एक प्रश्न. वर्गाचा आवाज तिथूनच वाढतो.

उच्चारांचं फार मनाला लावून घेऊ नका. मुलं इंग्रजी शब्दावर काताकाना लिपीत उच्चार लिहून ठेवतात, जसे आपण देवनागरीत लिहायचो. 'स्ट्राइक'चं 'सु-तो-रा-इ-कु' होतं, कारण जपानीत 'न्' सोडला तर व्यंजनानंतर स्वर हवाच. टाळ्या वाजवून ठोके मोजायला लावा, पाच टाळ्यांची एक टाळी करताना मजा येते. काताकानातल्या इंग्रजी शब्दांचे अर्थही भलतेच असतात. 'मॅन्शन' म्हणजे साधी फ्लॅटची इमारत, 'कॉन्सेंट' म्हणजे भिंतीवरचं प्लगचं सॉकेट. एका मुलीनं लिहिलं होतं, "माय मदर इज हाय टेन्शन." मला वाटलं, घरी काहीतरी बिनसलंय, बिचारीला टेन्शन आहे. मी काळजीनं विचारपूस केली. 'हाय टेन्शन' म्हणजे इथं आनंदानं उसळत असलेली! आमच्या दोघांचंही इंग्रजी चूक होतं आणि दोघांचंही आपापल्या भाषेत बरोबर. असे शब्द गोळा करायला लावा, त्यातून एक अख्खा तास निघतो. तुमच्या भारतीय उच्चाराचा संकोचही नको. सामायिक परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात आता अमेरिकनखेरीज इतर उच्चारही असतात, हे मुलांना सांगा.

सोबतच्या जपानी शिक्षकांबद्दल. वर्ग त्यांचा आहे, गुण ते देतात. त्यांच्याकडे तुमच्यासाठी आठवड्यात दहा मिनिटं असतात, त्याला 'उचिआवासे' म्हणतात, आणि तीही कधी जिन्यात उभ्याउभ्या. तेव्हा बोलण्यावर भिस्त ठेवू नका. एका कागदावर मिनिटांसकट आराखडा करा, त्यात तुमचा रकाना, त्यांचा रकाना, मुलांचा रकाना. त्यांचा रकाना रिकामा राहिला की ते मागे भिंतीला टेकून उभे राहतात, मग मुलंही टेकतात. मी त्यांना माझा जोडीदार करतो: छत्रीच्या गोष्टीत 'ती घ्यायची' म्हणणारे ते आणि 'नको' म्हणणारा मी. आपले गंभीर सर इंग्रजीत अडखळत, हसत भांडतायत हे पाहिल्यावर मुलांना चुकायची परवानगी मिळते. पण हे आदल्या दिवशी त्यांच्याशी ठरवून. ऐनवेळी प्रश्न टाकून त्यांना वर्गासमोर अडचणीत आणलंत तर पुढचे सहा महिने तुम्ही फक्त धडा मोठ्यानं वाचून दाखवाल.

गुणांचं त्यांच्याशी सत्राच्या सुरुवातीलाच बोला. मूल्यमापनाच्या तीन बाजू आहेत: ज्ञान आणि कौशल्य; विचार, निर्णय आणि अभिव्यक्ती; आणि शिकण्याची वृत्ती. बोलण्याची परीक्षा बहुतेक शाळांत सत्रातून एकदा घेतात. ती पाठ केलेल्या भाषणाची असेल तर तुमचे सगळे जोडीतले तास वाया गेले. मुलं घोकून येतील. आम्ही दोघा-दोघांना बोलावतो, विषय तिथेच चिठ्ठीतून, तीन मिनिटं. समोरच्याला प्रश्न विचारला याचे गुण, त्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न काढला याचे त्याहून जास्त. व्याकरणाला सगळ्यांत कमी. हा तक्ता पहिल्याच तासाला वहीत चिकटवून घेतो.

आणि ऑगस्टमध्ये शाळा बंद असतानाच दोन कामं उरका. स्टाफरूममधलं छपाईयंत्र कसं चालतं ते शिकून घ्या, कारण सप्टेंबरात त्याच्यासमोर रांग लागते. आणि प्रत्येक वर्गाचा बसण्याचा तक्ता मागून घ्या, नावांवर हिरागाना लिपीत उच्चार लिहिलेला. कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, लिहिलेली नावं जपानी शिक्षकांनाही विचारून घ्यावी लागतात. आम्ही दर दोन महिन्यांनी जागा बदलतो, तेव्हा तारीख टाकून ठेवा.